नाव घेऊ नका, माप सांगा

बर्मिंगहॅममध्ये थंडी वाढली की कौन्सिलच्या गाड्या रात्री रस्त्यांवर मीठ पसरत फिरतात. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून. आमच्यासारखे बारा महिने मोटरसायकल चालवणारे त्यामुळे घसरायचे वाचतात खरे. पण ते खारट पाणी गाडीच्या सांदीकोपऱ्यात शिरतं आणि सगळ्यात आधी फेअरिंगचे बोल्ट खातं. फेअरिंग म्हणजे इंजिनाभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण. वसंतात सर्व्हिसिंगसाठी ते उतरवायला बसावं, तर एका बोल्टचं डोकं गोल झालेलं, दुसऱ्याचे आटे ॲल्युमिनियममध्ये जाम, आणि तिसरा जागेवरच नाही. एम-सिक्स मापाचा तो बोल्ट बहुधा एम-सिक्स मोटरवेवरच कुठेतरी गळून पडलेला.

शोरूममध्ये गेलं की काउंटरमागचा मुलगा आधी मॉडेल विचारतो, मग साल. संगणकावर गाडीचं सुटं सुटं केलेलं चित्र उघडतो आणि भाव सांगतो: एका बोल्टचे पाच पौंड, वायसर वेगळा, माल पुढच्या आठवड्यात. माझ्या गाडीच्या दोन्ही बाजू मिळून असे वीसेक बोल्ट. शंभर पौंड नुसत्या बोल्टांचे! त्या मुलाला दोष नाही. जपानमध्ये पुडीत भरलेला, पार्ट नंबर चिकटवलेला, दहा वर्षं गोदामात जपलेला तो बोल्ट. त्याच्या किमतीत लोखंड थोडं आणि भाडंच जास्त. पण पुण्यात नाना पेठेत जुना बोल्ट काउंटरवर ठेवायची सवय लागलेल्या माणसाला हे पचत नाही. तिथला माणूस नखाने आटे चाचपतो, मागे न बघता हात घालतो आणि तसाच बोल्ट पुढे टाकतो. गाडी कुठली, हे विचारतही नाही.

आणि हे घडतं कुठे, तर बर्मिंगहॅममध्ये! लाकडात बसवायचे टोकदार स्क्रू बनवणाऱ्या अमेरिकन यंत्राचे हक्क घेऊन नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी शेजारच्या स्मेदिकमध्ये कारखाना काढला. चेंबरलेन घराण्याचा हिस्सा सांभाळायला 1854 साली अठरा वर्षांचा जोसेफ चेंबरलेन लंडनहून इथे आला. स्क्रूंत पैसा कमावून तो पुढे शहराचा महापौर झाला. नेटलफोल्ड 1902 मध्ये गेस्ट कीनमध्ये मिसळली आणि जीकेएन जन्माला आली. तिचीच हिंदुस्थानी शाखा गेस्ट कीन विल्यम्स. भांडुपला शास्त्री मार्गावरचा तिचा कारखाना आठवणारे मुंबईकर अजून भेटतील. स्मॉल हीथमध्ये बीएसएच्या मोटरसायकली बनत, दक्षिणेला रेडिचमध्ये आपल्या बुलेटचं माहेर. आता तिथे गाड्या बनत नाहीत.

मला वाट दाखवली ती स्पार्कब्रुकच्या एका मीरपुरी मेकॅनिकने. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझा शंभर पौंडांचा हिशेब ऐकून ते म्हणाले, “बेटा, गाडी का नाम मत लेना. साइज़ बोलना.”

चाचांचं म्हणणं शब्दशः खरं. ‘मोटरसायकल फेअरिंग बोल्ट’ म्हटलं की भाव चढतो. ‘एम-सिक्स, वीस लांबी, बटन हेड, स्टेनलेस’ म्हटलं की तोच बोल्ट पेन्सांत येतो. जपानी गाड्यांच्या फेअरिंगला बहुतेक एम-फाइव्ह आणि एम-सिक्सच लागतात. व्हर्नियरने जाडी मोजायची, लांबी डोक्याखालून मोजायची, आट्यांमधलं अंतर बघायचं: एम-सिक्सला एक मिलिमीटर, एम-फाइव्हला शून्य पूर्णांक आठ. हे कागदावर लिहून मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका नटबोल्टवाल्याकडे गेलो. काउंटरवरच्या आजीबाईंनी “यू ऑल राइट, बॅब?” म्हणत पन्नासची पेटी पुढे सरकवली. शोरूममधल्या दोन बोल्टांच्या पैशांत पन्नास.

मात्र सगळीकडे ही काटकसर चालत नाही. फेअरिंगच्या काही बोल्टांना डोक्याखाली जाडसर खांदा असतो. बोल्ट पूर्ण आवळला तरी तो खांदा धातूवर टेकतो आणि प्लॅस्टिक चिरडत नाही. तिथे साधा बोल्ट लावला की भोकापासून तडा जातो, आणि नव्या पॅनेलची किंमत ऐकून पाच पौंड स्वस्त वाटू लागतात. असे चार बोल्ट मी मुकाट शोरूममधून आणले. ब्रेक कॅलिपरला तर हे स्टेनलेस अजिबात नको. डोक्यावर ए-टू-70 लिहिलेला बोल्ट 700 मेगापास्कलचा, तर 10.9 लिहिलेला पोलादी 1,000 चा. दिसायला चकचकीत असला तरी ताकदीने कमीच. रंगीबेरंगी ॲनोडाइज्ड बोल्टांचे संचही मिळतात, निळे, जांभळे, सोनेरी. ते ज्याला हौस त्याने घ्यावेत.

स्टेनलेस ॲल्युमिनियममध्ये कोरडं बसवलं आणि खारट पाणी मिळालं की ॲल्युमिनियम कुजतं, म्हणून आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचा हलका हात द्यायचा. आधी सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे धरवायचे, मगच एकेक आवळायचा. पहिलाच घट्ट केला तर शेवटच्याचं भोक कधीच जुळत नाही. मी ॲलन कीची आखूड बाजू बोल्टमध्ये घालून लांब बाजूने जोर लावत होतो, तेव्हा चाचांनी ती हातातून काढून घेतली, उलटी केली आणि परत दिली. “प्लास्टिक है, बेटा. पुल नहीं बना रहे.”