दुसऱ्या गालाची साक्ष

सास्तूरकडच्या मावशी तोंडाचा आजार सांगतात तो जेवणातून. "डाक्टर, तिखट सोसंना. भाकरीचा पापुद्रा लागला तरी जाळ होतोय." शेंगाची चटणी सुटली, काळ्या तिखटाची आमटी सुटली, आता नुसत्या दूधभाकरीवर दिवस निघतो. कधीपासून, असं विचारलं तर या भागातली साठीची बाई तारीख सांगत नाही; भूकंपाच्या आदी की मागून, एवढं सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट इथल्या प्रत्येक कहाणीत असतेच. काळजी वाढली की हा आजार उसळतो, असं बरेच रुग्ण सांगतात आणि मी ते टिपून घेते. त्यावरून कारण मात्र ठरवत नाही.

गालाच्या आत पांढरं दिसलं की आपल्याकडे पहिला संशय तंबाखूवर जातो, आणि तो रास्तच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या गटाने पुणे जिल्ह्यात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडं तपासली होती. त्या कामामुळे तंबाखू आणि तोंडातले पांढरे चट्टे यांचं नातं आपल्याला नीट कळलं. पण मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडातला प्रत्येक पांढरा डाग मिश्रीचा नसतो. म्हणून एक गाल पाहून झाला की मी आरसा लगेच दुसऱ्या गालाकडे नेते. तंबाखूचा चट्टा बहुधा चिमूट धरण्याच्या जागी, एकाच बाजूला असतो. मावशींचा आजार, लायकेन प्लेनस, मात्र दोन्ही गालांवर उमटतो, मागच्या दाढांच्या समोर: बारीक, किंचित उंच पांढऱ्या रेषा एकमेकींना मिळून जाळी विणतात. १८९५ मध्ये त्वचेवरच्या अशाच रेषांचं वर्णन विकहॅम या फ्रेंच डॉक्टरांनी केलं, म्हणून त्यांना विकहॅमच्या रेषा म्हणतात. गॉजने पुसलं तर बुरशीचा थर निघतो, या रेषा निघत नाहीत. गाल ताणून पाहिला तर मऊच लागतो. गुटख्याने तोंड आखडलेल्या पोरांच्या गालात बोटाला दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात, तसे इथे नसतात.

नुसती जाळी दुखत नाही, कित्येकींना ती असल्याचं ठाऊकही नसतं. दुखतं ते तिच्या मधलं आवरण झिजून लाल पडतं किंवा सोलून जखम होते तेव्हा. हिरड्यांवर आजार उतरला की त्या लालभडक होतात, आवरण सोलून निघतं. ब्रश सोसत नाही, मळ साठतो, त्याने दाह आणखी वाढतो.

निदान पक्कं करायला गालातला छोटा तुकडा तपासणीला घेताना जखमेच्या मध्यात हात घालायचा नाही. तिथलं आवरण आधीच गेलेलं असतं, काचपट्टीवर नुसती सूज दिसेल. कडेची, जाळी शाबूत असलेली जागा घ्यायची. आवरण असंच सोलणाऱ्या पेम्फिगस या दुसऱ्या आजाराची शंका असली तर दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवायचा नाही, मिशेलच्या द्रावात ठेवायचा. फॉर्मलिनने प्रतिदीप्ती तपासणी वाया जाते.

मग सूक्ष्मदर्शकाखाली तोंडात दिसलेल्या गोष्टीची दुसरी बाजू उघडते. आवरणाच्या लगेच खाली लसीका पेशींचा दाट पट्टा पसरलेला असतो, खालच्या कडेला तो एकदम थांबतो. त्यातल्या टी पेशी आपल्याच शरीराच्या तळथरावर चालून गेलेल्या असतात. तळाच्या पेशी विरघळू लागतात. काही मरून गुलाबी गोळे होतात, त्यांना सिव्हाट पिंड म्हणतात. आवरणाची खाली उतरणारी टोकं काही ठिकाणी करवतीच्या दातांसारखी निमुळती होतात. वरचा केराटिनचा थर जिथे जाड होतो तिथे गालावर पांढरी रेषा दिसते. हे सगळं एका नजरेत दिसतं तेव्हा मावशींचा जाळ नेमका कुठून येतो ते मला समोर दिसतं.

तरीही काचपट्टी एकटी पुरत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, दाढेतल्या चांदीच्या भरावानेही जवळजवळ असंच चित्र उमटतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७८ मध्ये दिलेले निकष २००३ मध्ये सुधारले गेले, तेव्हा निदानाला तोंडातली खूण आणि पेशींची खूण दोन्ही हवीत, असा आग्रह धरला गेला. मला तो मनापासून पटतो.

कर्करोगाच्या भीतीबद्दल मी रुग्णाला आकड्यांनीच सांगते. मुंबईच्या त्याच गटाने १९८६ मध्ये भारतातल्या ७२२ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. कर्करोग तिघांना झाला होता. इतर अभ्यासांत प्रमाण शंभरात एकाच्या आसपास येतं. धोका थोडा आहे, पण आहे. त्यामुळे स्टेरॉइडच्या मलमाने आग शमली, चटणी पुन्हा गोड लागू लागली, तरी तपासणी सुटता कामा नये, आणि मिश्री तर सोडायचीच.

लातूरला तुकडा पाठवताना सोबतच्या कागदावर "पांढरा चट्टा, तपासावे" एवढंच लिहिलेलं मला चालत नाही. जाळी दोन्ही गालांवर आहे का, हिरड्या कशा, मिश्री किती वर्षांची, गोळी कोणती आणि आग त्या गोळीच्या आधीची की नंतरची, कोणत्या दाढेत भराव आहे, हे सगळं त्यात लिहिते. पलीकडे काचपट्टी पाहणाऱ्या डॉक्टरांनी मावशींना पाहिलेलं नसतं.