राजासमोर खोकणारे गुरुजी

मुलांनो, बर्लिनहून आगगाडीत बसलं की तासाभराच्या आत पॉट्सडॅम येतं. तिथे एका टेकडीवर ‘सां सुसी’ नावाचा पिवळा राजवाडा आहे. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘चिंता नाही’! उतारावर द्राक्षवेलींचे सहा टप्पे. पायऱ्या चढता चढता मला चांगलाच दम लागला. राजवाडा मात्र बैठा, एकमजली.

मला पाहायची होती संगीताची खोली. पांढऱ्या भिंती, सोनेरी नक्षी, मोठाले आरसे आणि १७४६ सालचा एक पियानो. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक इथे संध्याकाळी बासरी वाजवायचा. आपल्यासारखीच आडवी बासरी, सहा भोकांची. शिवाय बोटाने दाबायच्या चाव्या. त्यातली एक जादा चावी बसवली होती त्याच्या गुरुजींनी, योहान योआखिम क्वान्ट्झ यांनी.

क्वान्ट्झ १६९७ साली एका लोहाराच्या घरी जन्मले. दहाव्या वर्षी वडील गेले. मग संगीत शिकायला ते काकांकडे आले. पुढे ड्रेस्डेनच्या दरबारात बासरीवादक झाले. १७२८ पासून ते राजपुत्र फ्रेडरिकला शिकवू लागले. पण त्याच्या वडिलांना लष्कराचंच वेड! बासरी म्हटली की त्यांचा पारा चढे. म्हणून शिकवणी चोरून. एकदा राजेसाहेब अचानक येऊन थडकले, तेव्हा गुरुजींना एका अडगळीच्या खोलीत लपावं लागलं म्हणे!

१७४० साली फ्रेडरिक राजा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने गुरुजींना बोलावून घेतलं. पगार वर्षाला २००० थालर. राजाचं वादन ऐकून ‘ब्राव्हो’ म्हणायची मुभा दरबारात फक्त त्यांनाच. आणि चुकलं तर? असं सांगतात, की राजाने रचलेल्या एका नव्या तुकड्यात चूक होती. सगळे गप्प. गुरुजी मात्र मुद्दाम खोकले! राजा काय ते समजला आणि नंतर त्याने चूक सुधारली.

क्वान्ट्झ १७७३ साली पॉट्सडॅमलाच वारले. त्यांनी बासरीसाठी सुमारे ३०० कंचेर्टो रचले. बासरीवादनावरचं त्यांचं १७५२ सालचं पुस्तक जुनं संगीत शिकणारे आजही उघडतात.

दोस्तांनो, वाहवा करणारे पुष्कळ भेटतात. वेळेवर खोकणारा एखादाच. तो भेटला तर रागावू नका हं!