कातडीखालची दवंडी

ओसरीच्या वाशाला लोंबणाऱ्या पोळ्याला नकळत धक्का लागतो आणि गांधीलमाशी मनगटावर काम उरकून निघूनही जाते. काटा मागे राहत नाही. आधी इवलासा लाल ठिपका, मग भोवती पसरत जाणारी लाली, आणि पाहता पाहता मधोमध फिकट, फुगीर गांध उठते. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी 1927 मध्ये त्वचेची हीच तीन पावलं टिपून ठेवली. घरातले लोखंड चोळायला, चुना लावायला धावतात; मी मात्र आधी ती गांध न्याहाळतो. (ही चैन सर्वांना परवडणारी नाही. श्वास कोंडला, भोवळ आली, तर तडक दवाखाना गाठावा.)

बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मास्ट पेशी कणांनी गच्च भरून बसलेल्या असतात. विष भिडताच त्या हिस्टामिन उधळतात. पाच कार्बन, नऊ हायड्रोजन, तीन नायट्रोजन. अवघे 17 अणू, तेही रोजच्या डाळीतही असणाऱ्या हिस्टिडिनपासून घडलेले! दवंडी एकच, पण जिचे जसे ग्राही, म्हणजे कान, तशी ती प्रत्येक पेशीला ऐकू येते. एच1 या ग्राहीमधून ती ऐकली की शिरांच्या भिंती सांधे सैल करून रक्तातलं पाणी झिरपू देतात आणि मज्जातंतूंना खाज सुटते. एच4 ला विरळ हिस्टामिनही पुरतं. त्याच्या मागावर इओसिनोफिल पेशी सरकत येतात.

एच2 पाशी मात्र हात जोडावेसे वाटतात. इथे त्याच हिस्टामिनने न्यूट्रोफिलांचा आवेश ओसरतो, बेसोफिल पेशी आपलं हिस्टामिन सांडायचं आवरतं घेतात, आणि डेंड्रायटिक पेशी दाह शमवणारं आयएल-10 अधिक सोडू लागतात. आग पसरवणाऱ्याच्याच हाती पाण्याची घागरही द्यावी, ही निसर्गाची कोण सावधगिरी! आपली सेट्रिझिनची गोळी फक्त एच1 चे कान झाकते. खाज थांबते, बाकीच्या ग्राहींचं ऐकणं चालूच असतं.

मधमाश्या पाळणारे हंगामाच्या सुरुवातीला डंखावर डंख सोसतात, आणि पुढे त्यांना फारशी सूजही येत नाही. अशांचं रक्त तपासलं, तेव्हा अ‍ॅलर्जीला खतपाणी घालणाऱ्या टी पेशींवरच एच2 ग्राही वाढलेले आढळले.