कडं आणि आकडा

माझ्या आजीच्या वाड्यात सुनेला दिवस गेल्याची बातमी कावळा फोडायचा. बाई महिन्याचे तीन दिवस बाजूला बसली, की तिला कावळा शिवला म्हणत. महिना उलटून गेला तरी तो शिवला नाही, की चुलीपाशी नजरानजर सुरू. पण बोलायचं कुणी नाही. तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरचोळी यायची, तोवर तोंडाला कुलूप. मधेच काही झालं तर 'पाळी लांबली होती' एवढ्यावर विषय मिटायचा.

मी १९८२ साली सांगलीतल्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा या कावळ्याची जागा काचेच्या नळीनं घेतली होती. बायका पहाटेची पहिली लघवी आणत, कधी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, कधी चक्क अत्तराच्या. तिचे थेंब नळीत टाकायचे, किटमधलं द्रावण आणि तांबड्या पेशी मिसळायच्या, नळी स्टँडला लावायची आणि दोन तास तिला बोट लावायचं नाही. खाली तिरका आरसा असे. नळीच्या बुडाशी रेखीव तांबूस कडं दिसलं तर पॉझिटिव्ह. पेशी बुडाशी नुसत्याच पसरल्या तर निगेटिव्ह. रस्त्यानं ट्रक गेला, टेबल हादरलं, की कडं मोडायचं आणि पुन्हा दोन तास. बाहेरच्या बाकावरची सासू घड्याळाकडे आणि सून जमिनीकडे बघत बसलेली.

आमचे सीनियर हसत. त्यांनी बेडकांवर हात बसवला होता. नर बेडकाला लघवीचं इंजेक्शन द्यायचं आणि काही तासांनी त्याच्याच मूत्रात शुक्रजंतू दिसतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. अर्जेंटिनातल्या गाली मायनिनी या डॉक्टरांनी १९४७ साली ही युक्ती काढली. त्याआधी बर्लिनच्या आशहाइम आणि झोंडेक यांना त्याच उत्तरासाठी उंदरांच्या माद्या माराव्या लागत.

आमची नळी बेडकापेक्षा सोयीची, पण फसवी. पाळी चुकून दोन आठवडे झाल्याशिवाय तिचा भरवसा नसे. शिवाय पाळी जायच्या वयातल्या एखाद्या बाईलाही ती 'अभिनंदन' म्हणायची. कारण गर्भाचं एचसीजी आणि मेंदूखालच्या ग्रंथीचं एलएच ही संप्रेरकं सख्ख्या भावंडांसारखी: अर्धा भाग एकच, फरक फक्त 'बीटा' या दुसऱ्या तुकड्यात. तो तुकडा रक्तात वेगळा ओळखायची रीत अमेरिकेत व्हाइतुकाइतिस, ब्राउनस्टाइन आणि रॉस यांनी १९७२ मध्येच मांडली होती. आमच्या टेबलापर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली.

आता बीटा एचसीजीचा आकडा संध्याकाळी मोबाइलवर येतो. गर्भ राहिल्यापासून दहा-अकरा दिवसांत रक्त बोलू लागतं, म्हणजे पाळी चुकायच्याही आधी. परवा भाचीचा मेसेज आला, "मावशी, चौदा म्हणजे हो की नाही?" पाचच्या खाली नाही, पंचवीसच्या वर हो, चौदा म्हणजे कावळा कुंपणावर बसलेला. दोन दिवसांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दे म्हटलं. गर्भ नीट वाढत असेल तर दोन-तीन दिवसांत आकडा साधारण दुप्पट होतो. तिचा सहावर आला.

"टेस्टच चुकली असणार," ती रडत म्हणाली. टेस्ट दोन्ही वेळा बरोबर होती. संप्रेरक आहे का आणि किती, एवढंच टेस्टला विचारलं होतं. गर्भ टिकेल का, हे नव्हे. आजीच्या वाड्यात हीच पाळी चार दिवस लांबली असती आणि मग तीन दिवस बाजूला बसून भाची न्हाऊन कामाला लागली असती.

म्हणून जुनं बरं होतं का? छे! एका बाईचं कडं उमटलं नाही म्हणून आम्ही तिला निगेटिव्हचा कागद देऊन घरी पाठवलं. चार दिवसांनी तिची गर्भनलिका फुटली. गर्भ त्या नलिकेतच अडकला होता, आणि अशा वेळी एचसीजी बऱ्याचदा कमी असतं, आमच्या कड्याला न दिसण्याइतकं. आजच्या रक्ततपासणीत ते बहुधा सापडलं असतं.

रक्तही कधी चकवतं. वंध्यत्वाच्या उपचारात दिलेलं एचसीजीचं इंजेक्शन दहा-चौदा दिवस रिपोर्टात उतरू शकतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रं आकडा खोटाच कमी दाखवतात. काहींच्या रक्तातली प्रतिपिंडं गर्भ नसतानाही पॉझिटिव्ह आणतात. ती लघवीत उतरत नाहीत, म्हणून तिथे जुनी लघवीची तपासणीच रक्ताची चूक पकडते. मला याचा थोडा आनंद होतो, कबूल करते.

तेव्हा बायांनो, चाललेल्या गोळ्या-इंजेक्शनं लॅबवाल्यांना सांगा आणि पहिल्या आकड्यावर पेढे आणू नका. पण पाळी चुकलीय आणि पोटात एका बाजूला कळ येतेय, खांदा दुखतोय किंवा घेरी येतेय, तर दुसऱ्या आकड्याची वाट बघत बसू नका. रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा.