हंगामी

उर्दूत ज्याला 'हंगामी हालात' म्हणतात, ती मराठीतली आणीबाणीची परिस्थिती. मराठीत मात्र 'हंगामी' म्हणजे तात्पुरता, मोसमापुरता. हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष. मी एकाच शाळेत दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे दर वर्षी आठवीत हा घोटाळा होतोच. कुणीतरी 'हंगामी सूरत-ए-हाल'चा अर्थ "सीझनल परिस्थिती" असा सांगतं आणि मी दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. या लेखाचा विषय टेलिफोनचा आहे, पण तो मला या दोन अर्थांच्या मधोमध पडलेला दिसतो.

विषय असा. मोबाइलचं नेटवर्क सगळ्यांचं सामायिक. मोठी दुर्घटना झाली की सगळे एकदम फोन लावतात आणि टॉवर गुदमरतो. अशा वेळी अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका यांचा फोन आधी लागावा, त्यांचा डेटा आधी जावा, अशी सोय करावी का? करावी, यात वाद नाही. मिरवणुकीत रुग्णवाहिका आली की ताशा थांबतो, माणसं अंग चोरून वाट देतात. वाद आहे तो वाट कशी करायची आणि कुणासाठी करायची याचा.

सोय मुळात सिमकार्डातच आहे. प्रत्येक सिमला शून्य ते नऊपैकी एक वर्ग दिलेला असतो, लॉटरी काढल्यासारखा. तुम्ही आम्ही सगळे त्या दहांत. अकरा ते पंधरा हे खास वर्ग: बारावा सुरक्षा दलांसाठी, तेरावा पाणी-गॅससारख्या सेवांसाठी, चौदावा आपत्कालीन सेवांसाठी. गर्दी अनावर झाली की टॉवर शून्य ते नऊवाल्यांना सांगू शकतो, तुम्ही जरा बाहेर थांबा. दहावा वर्ग सिमवर नसतोच. 112 सारखा मदतीचा कॉल करणाऱ्यासाठी दार उघडं ठेवायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.

हे दार लंडनमध्ये एकदा खरोखर बंद केलं गेलं. 7 जुलै 2005, भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले तो दिवस. सगळ्या यंत्रणांच्या समन्वय गटाने आधी ठरवलं होतं की सामान्यांचे फोन बंद करायचे नाहीत. कारणं दोन: लोक घाबरतील, आणि खास सिम योग्य माणसांच्याच खिशात असेल याची खात्री नाही. तरीही सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ओटू कंपनीला सांगून ऑल्डगेट स्थानकाभोवती एक किलोमीटरच्या टापूत ती व्यवस्था सुरू करायला लावली. दुपारी बाराच्या सुमारास दार लागलं, ते पावणेपाचपर्यंत. सामान्य लोकांचे लाखो कॉल वाया गेले. पुढच्या वर्षी लंडन असेंब्लीच्या समितीने आपल्या अहवालात या निर्णयावर स्पष्ट टीका केली.

त्यानंतर एका वर्षाने, 11 जुलै 2006 ला, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. भाईजान तेव्हा चर्चगेटला नोकरीला होते, राहायला मीरा रोडला. आमच्याकडे कुणी दार लावलं नव्हतं, नेटवर्क आपणहूनच बसलं. अब्बा रिडायल दाबत राहिले, अम्मी जानमाजवरून उठेनात. भाईजान मध्यरात्रीनंतर आले, बरंचसं अंतर चालत, शर्टाला दुसऱ्याचं रक्त. त्यांची गाडी माहीमच्या अलीकडे थांबली होती. ते उतरून पुढे गेले, तर रुळांलगतच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन आधीच पोचली होती. चादरीत जखमी, चार कोपऱ्यांना चार माणसं, आणि मिळेल त्या टॅक्सीत. भाईजान एका कोपऱ्याला होते. कुठल्या इस्पितळात जागा आहे हे विचारायला प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि एकाचाही लागत नव्हता.

त्या पहिल्या तासात बचाव दल कोण होतं? ज्यांच्या सिमला चौदावा वर्ग कुणी कधीच दिला नसता, ती माणसं. म्हणून सरसकट दार लावून अग्रक्रम देणं मला पटत नाही. दार लावणाऱ्याला मदत करणारा आणि विचारपूस करणारा यांतला फरक कळत नाही.

तंत्र आता पुढे गेलं आहे. 4जी मध्ये दार लावण्याऐवजी आत आलेल्यांतच क्रम लावता येतो. कुणाला आधी वाट द्यायची आणि जागाच उरली नाही तर कुणाचा व्हिडिओ तोडायचा, हे नेटवर्क ठरवतं. अमेरिकेने 2012 च्या कायद्याने फर्स्टनेट उभारलं आणि 2017 मध्ये ते एटी अँड टीकडे सोपवलं. त्यात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका हे मुख्य वापरकर्ते. इस्पितळं, वीज-पाणी, वाहतूक यांचे लोक दुसऱ्या फळीत. पण गरज पडली तर घटनास्थळाचा अधिकारी दुसऱ्या फळीतल्या माणसाला तेवढ्यापुरता वर उचलू शकतो. शब्दाच्या दोन्ही अर्थांनी हंगामी! आणि 911 ला लावलेला कॉल कुणासाठीही तोडला जात नाही. मला या सगळ्यात हेच दोन नियम सर्वांत शहाणे वाटतात.

अर्थात यंत्र असून भागत नाही. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात वणवा पेटलेला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या संपर्क वाहनाचं इंटरनेट व्हेरायझनने जवळजवळ ठप्प केलं, कारण ठरलेला डेटा संपला होता. नाव 'अनलिमिटेड' प्लॅन. कंपनीने नंतर चूक मान्य केली. वणव्याशी झुंजणाऱ्यांना जादा पैशांचा प्लॅन घ्यायला सांगितलं गेलं, यावर काय बोलावं!

आपल्याकडे ट्रायने जून 2018 मध्ये अशा नेटवर्कसाठी शिफारशी दिल्या. चर्चा बहुतेक स्पेक्ट्रमची होते. मला यादीची काळजी आहे. आपल्याकडे आपत्तीत धावणारी माणसं बहुतेक मराठी अर्थाने हंगामी असतात: होमगार्ड मानधनावर, आशाताई मानधनावर, रुग्णवाहिकेचा चालक ठेकेदाराचा. यादी कार्यालयात बनते आणि कार्यालयाला कायम माणसं आधी आठवतात.

आमच्या गल्लीतला एक मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, रुग्णवाहिका चालवतो. स्वतःचा फोन, स्वतःच्या पैशांचा रिचार्ज. परवा त्याला हे सिमच्या वर्गांचं सांगत होते. तो म्हणाला, "टीचर, मग माझं सिम कितवीत?"

"शून्य ते नऊ. त्यातलं कुठलंतरी."

"म्हणजे अजून दहावी नाहीच," असं म्हणून तो हसला आणि ड्यूटीवर गेला.