कारवीची मर्यादा

पनवेलजवळच्या कोन गावाच्या पूर्वेला प्रबळगड आणि माथेरानचे डोंगर आहेत. त्यांच्या उतारांवर कारवी वाढते. कुडाच्या भिंतींना तिच्याच काठ्या लागत. ही झुडपे सुमारे सात-आठ वर्षे केवळ पानांवर जगतात. मग एका चातुर्मासात सारी मिळून जांभळी फुलतात, बी धरतात आणि मरतात.

तिच्या भावंडांची रीत निराळी. टोपली कारवी कासच्या उघड्या सड्यावर वाढते. दक्षिणेतील नीलकुरिंजी 12 वर्षांनी फुलते. 2006 नंतर ती 2018 मध्ये फुलली. कूळ एकच, पण जागा किंवा फुलण्याचे वर्ष जुळले नाही, तर एकीचा पराग दुसरीपर्यंत पोहोचणार कसा? काही वनस्पतींत परका पराग कुक्षीवर पडूनही रुजत नाही. काहींत संकरित रोप वांझ निघते. जेथे असा संकर व्यर्थ जातो, तेथे स्वजातीशीच जुळणाऱ्या रोपांचा वंश अधिक टिकतो आणि पिढ्यान्‌पिढ्या अंतर पक्के होते. एका कुळातून अनेक जाती घडण्यामागे अशाच मर्यादा असतात.

जैन दर्शनाने वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले आणि वनस्पतिकायाच्या चोवीस लाख योनी सांगितल्या. ती गणना वनस्पतिशास्त्रातील जातींची नव्हे. परंतु विविधतेकडे आदराने पाहण्याची दृष्टी तीत आहे. कारवी आयुष्यात एकदाच फुलते. फुलण्याआधी ती तोडली, तर एका झुडपाबरोबर त्याची भावी पिढीही संपते. श्रावकाच्या अहिंसेने तिच्यासाठी सात वर्षे धीर धरावा, हे फार मागणे नव्हे.