जाईने माना टाकल्या तेव्हा

झाडाझुडपांचे दुखणे मुके असते. माणूस कण्हतो, कुशी बदलतो, निदान भेटायला येणाऱ्याजवळ गाऱ्हाणे तरी सांगतो. वेल मात्र पाने खाली सोडून गप्प उभा राहतो. त्याला काय होते आहे हे ज्याने त्याने आपापल्या अकलेप्रमाणे ठरवायचे! आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात असे ठरवणारे आम्ही चौघे होतो, आणि चौघांनीही चुकीचे ठरवले. त्यातली सर्वांत मोठी चूक माझी. ती लिहून टाकावी म्हणून हा प्रपंच.

आजीची जाई मूळची वाईची. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचा जुना वाडा होता आणि परसातल्या विहिरीच्या कठड्यावरून ही जाई न्हाणीच्या कौलांवर चढलेली होती. श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी कळ्या उमलू लागल्या की न्हाणीतसुद्धा वास दरवळे. 2022 साली वाडा पाडला आणि आजी साताऱ्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. येताना तिने दोनच गोष्टी हट्टाने आणल्या : देवांचा संपुष्ट आणि जाईची एक मुळे धरलेली फांदी. सोबत पोतेभर वाईची काळी मातीही होती. "हिला हीच माती लागते," असे ती म्हणाली. तेलाच्या 15 किलोच्या रिकाम्या डब्याला बाबांनी तळाशी कडेला एक भोक पाडले, त्यात ती माती भरली आणि जाई आमच्या गॅलरीत राहू लागली. दोन पावसाळे तिने फुले दिली. आजोबा गेल्यापासून आजी स्वतः फूल माळत नसे. पण गजरा करायची तो माझ्यासाठी. देवांना मोजकी, मला ओंजळभर!

गेल्या चैत्रात जाईची पाने मलूल दिसू लागली. एका देठावरची सात-नऊ इवली पाने, ती सगळी एकदम खाली लोंबलेली, जणू रागावलेल्या मुलीच्या वेण्याच. ऊन कडक होते, तेव्हा आईने तांब्याभर पाणी जास्त घातले. बाबांनी कचेरीतून येऊन चमचाभर युरिया घातला. मी अभ्यासाला गॅलरीत बसे, तीही उरलेले पाणी डब्यातच ओतून उठे. कोणी कोणाला सांगितले नाही. आठ दिवसांनी खालची पाने पिवळी पडून गळू लागली.

मग आईच्या लक्षात आले, की डब्यातली माती सकाळ-संध्याकाळ ओलीच असते. ती हळूच बाबांना म्हणाली, "आईंनी पाणी घातलेलं त्यांच्या लक्षात राहत नसावं. पुन्हापुन्हा घालतात."

एवढेच वाक्य! पण त्या वाक्याला पाय फुटले. आजीने एकदा चष्मा देवघरात ठेवला आणि स्वयंपाकघरात शोधला, ते त्याला जोडले गेले. दूध उतू गेले, तेही जोडले गेले. पंधरा दिवसांत लायटर आजीच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर गेला आणि बाबांनी पुण्याच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. आजी काही बोलली नाही. मात्र गॅलरीतल्या भिंतीवर, डब्याच्या मागे, खडूच्या उभ्या रेघा उमटू लागल्या. मी विचारले, तर म्हणाली, "पाणी घातलं की एक रेघ मारते. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही गं आता."

आयुष्यभर जिने वेलाच्या नुसत्या रंगावरून त्याची तहान ओळखली, ती आता खडू घेऊन स्वतःवरच पहारा करीत होती. मला ते बघवेना. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. तरीही धीर करून एके दिवशी विज्ञान विभागाच्या दारात उभी राहिले. तिथल्या प्राध्यापकांनी मला हाकलून दिले नाही. उलट स्टूल देऊन बसवले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाने पहाटे कशी दिसतात?"

मी कधी पहाटे पाहिलेच नव्हते! ते म्हणाले, दुपारी पान लवणे हा रोग नव्हे. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून उन्हात इतकी वाफ जाते, की मुळांचा पुरवठा कमी पडतो; पेशींतला पाण्याचा दाब उतरतो आणि पान लोंबते. ऊन कलले की भरपाई होते. पहाटेही पान उठले नाही, तरच समजावे की दुखणे मुळाशी आहे. मग त्यांनी स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाची हकिगत सांगितली. त्याने सूर्यफुलाची कुंडी रोज तोलून झाडातून किती पाणी हवेत जाते ते मोजले होते आणि 1727 साली आपल्या पुस्तकात ते छापले. "तुम्हीही डबा उचलून पाहा. हलका लागला तर तहान. जड लागला आणि तरी पाने पडलेली असली, तर झाड बुडते आहे."

बुडते आहे! मला तो शब्द विचित्र वाटला. पण मुळांनाही हवा लागते म्हणे. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी साचून राहिले की मुळे गुदमरतात, कुजतात आणि कुजलेले मूळ भोवती पाणी असूनही ते ओढू शकत नाही. म्हणजे तहानलेला वेल आणि बुडालेला वेल यांची पाने सारखीच पडतात, आणि पाहणारा दोघांनाही पाणीच घालतो! युरियाचे ऐकून तर सरांनी कपाळाला हात लावला. कैरीला मीठ लावले की तिचे पाणी सुटते ना, तसे जास्त झालेले खत मुळांतलेच पाणी बाहेर ओढते. काळ्या मातीचाही दोष निघाला. वाईच्या परसात तीच माती उत्तम. पण चिकण फार, पाणी धरून ठेवणारी. डब्यात कोंडली की तिचा चिखल होतो. "पण त्यालाही वेळ लागतो," सर म्हणाले, "दोन वर्षे वेल बरा होता ना? मग यंदा काय बदलले? भोक पाहा."

भोक!

मी घरी कशी पोहोचले ते मला आठवत नाही. फाल्गुनात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आमच्या डब्यातले गढूळ पाणी नेमके त्यांच्यावर ठिबकले होते. काकू वर येऊन चार शब्द बोलून गेल्या. घरात मी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी माझा पेपर. मी लाकडाच्या तुकड्याला चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकून बसवली. कुरडया उचलल्या की काढून टाकू, असे मनाशी म्हटले आणि विसरले. विसरले ते मी!

बूच काढताच आंबोणासारखा वास आला आणि काळपट पाणी वाहू लागले. मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. आजीने शेजारी तिथीही घातल्या होत्या. दिवसाआड एक रेघ, एकही जास्त नाही.

तिला सांगताना मला रडू आले. तिने मात्र रडू दिले नाही. तिने बूच हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाली, "घट्ट मारलं होतंस हो. आता वाळू आण."

पुढचा सारा दिवस आजी पूर्वीची आजी होती. डबा आडवा करून आम्ही जाई बाहेर काढली. बरीचशी मुळे तपकिरी झाली होती, बोटांत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निघून येई. ती सगळी तिने कातरली. पांढरी, टणक राहिली ती मूठभर. मग वरचा वेलही निम्मा छाटला. मी हळहळले तर म्हणाली, "खाणारी तोंडं कमी नकोत का करायला? कमावती मुळं किती उरलीत बघ." डब्याला आणखी चार भोके पाडली, त्यांवर खापराचे तुकडे उपडे ठेवले. दोन वाटे तांबडी माती, एक वाटा वाळू, एक वाटा जुने शेणखत. वाईची माती तिने त्यात ओंजळभरच मिसळली. डबा दोन विटांवर ठेवून खाली थाळी सरकवली, आणि दहा दिवस वेलाला सावलीत ठेवले. पाणी अगदी बेताचे : बोट दोन पेरे मातीत घालायचे, कोरडे लागले तरच.

आईबाबांना खरे सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. हे दोन दिवस का लागले याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. बाबा बराच वेळ गप्प बसले. पुण्याची वेळ त्यांनी रद्द केली. लायटर खालच्या फळीवर आला, तो आईनेच आणून ठेवला.

दोनपैकी एक फांदी वाळून गेली. दुसरीला ज्येष्ठात कोंब फुटले. भाद्रपदात अकरा फुले आली. गजऱ्याला पुरण्यासारखी नव्हतीच, सगळी गणपतीला वाहिली. खालच्या काकूंना फूल मिळाले नाही, पण यंदा कुरडयांवर पाणीही पडणार नाही. थाळीतले पाणी रोज मी ओतते.

आजी अजूनही रेघा मारते. मी पुष्कळदा सांगून पाहिले, ती ऐकत नाही. कधी संध्याकाळी मला विचारते, "पाणी घातलं का गं मी आज?" तेव्हा ती खरोखर विसरली आहे, की आम्ही एकदा घातलेला संशय अजून तिच्या मनातून गेलेला नाही, हे मला कळत नाही. मी उठते, मातीत बोट घालून पाहते आणि मग तिला उत्तर देते.